बोडकीच्या बाजूने

आमच्या गावात सध्या एक सल्ला फिरतोय. ज्या कोंबड्याच्या मानेवर पिसं नाहीत तो ठेवू नका. कापा नाहीतर विका, त्याने जात बिघडते. सल्ला देणारी माणसं शिकलेली असतात, गाडीने येतात, हातात रजिस्टर असतं. त्यामुळे बायका ऐकतात. गेल्या दोन वर्षांत आमच्या ओळीतल्या चार घरांतले बोडके कोंबडे गेले. माझ्याकडे एक अजून आहे. हा लेख त्याच्या बाजूने आहे आणि त्याला कापायला सांगणाऱ्यांच्या विरुद्ध आहे.

मी सेमाडोहची. सिपना नदीच्या काठचं, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. मेळघाटात वाघ बघायला आला असाल तर इथे थांबून चहा प्यायला असाल. आमच्या घरी आत्ता चौदा कोंबड्या आहेत. त्यातल्या सहा बोडक्या मानेच्या. डोक्यावर तुरा आणि टोपीसारखी थोडी पिसं, मग थेट खांद्यापर्यंत उघडी लाल कातडी, आणि तिथून पुढे नेहमीची कोंबडी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी सोलायला घेतली आणि मधेच सोडून दिली.

पर्यटक फोटो काढतात. मग प्रश्न येतात. गिधाड आहे का? टर्की आणि कोंबडीचं मिश्रण आहे का? खरूज झालीय का? अमरावतीहून आलेल्या एक काकू तर म्हणाल्या, "माय वं! इले औषध काऊन नाही लावत तू?" रील टाकली की खाली हसण्याचे चेहरे येतात आणि 'अशी कोंबडी कोण खाईल' असं कुणीतरी लिहितंच. ह्याच लोकांना संध्याकाळी जेवायला मात्र 'अस्सल गावरान' हवं असतं.

उत्तरं एकदाची देऊन टाकते. ती गिधाड नाही. टर्की आणि कोंबडीचा असा संसार होत नाही. पाश्चात्त्य देशांतही ही अफवा फार जुनी आहे, तिकडे या पक्ष्याला 'टर्कन' असं जोडनाव पडलं ते त्यातूनच. आणि ती आजारी नाही. खरूज किंवा उवा झालेल्या कोंबडीची पिसं तुटतात, खुंट राहतात, कातडीवर खपल्या धरतात, आणि हे सगळं मागाहून होतं. बोडकी अंड्यातूनच बोडकी येते. पिल्लू एका दिवसाचं असतानाच त्याच्या मानेवर लव नसते. एवढा फरक बघायला पदवी लागत नाही. अंड्यातून पिल्लू बाहेर पडताना कोंबडीजवळ बसायला मात्र लागतं.

एक जनुक, ते लपत नाही

या उघड्या मानेमागे एकच जनुकीय बदल आहे. शास्त्रज्ञ त्याला 'एनए' म्हणतात. २०११ मध्ये एडिनबरामधल्या संशोधकांनी तो नेमका कसा काम करतो ते दाखवलं. पिसं कुठे उगवायची आणि कुठे नाही, हे गर्भातल्या कातडीतले काही संकेत ठरवतात. बीएमपी गटातलं एक प्रथिन पिसांना 'इथे नको' म्हणतं. बोडक्या पक्ष्यात हे प्रथिन जास्त तयार होतं. ते जास्त तयार होतं संपूर्ण अंगभर, पण मानेच्या कातडीत जीवनसत्त्व 'अ'पासून बनणारं एक आम्ल असतं, ते या संकेताचा जोर वाढवतं. म्हणून अंगावरची पिसं थोडी विरळ होतात आणि मान पूर्ण मोकळी पडते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हे जनुक प्रभावी आहे. आई किंवा बाप, एकाकडून जरी मिळालं तरी मान उघडी पडते. एकच प्रत असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला खाली पिसांचा एक झुपका उरतो. दोन्हीकडून मिळालं तर तोही जात नाहीसा होतो. माझ्या कोंबड्याला झुपका आहे, म्हणजे त्याच्यात एक प्रत आहे. त्याची साध्या कोंबड्यांपासून झालेली निम्मी पिल्लं बोडकी निघतात, निम्मी पिसांची.

याचा उलटा अर्थ काय ते नीट बघा. काही गुण झाकलेले राहू शकतात. आजीचे डोळे दोन पिढ्यांनी नातीत उमटतात, कारण ते जनुक मधल्या पिढीत न दिसता टिकून असतं. बोडक्या मानेचं तसं नाही. पिसांची मान असलेल्या कोंबडीत हे जनुक नसतंच. ते फक्त त्याच पक्ष्यात असतं जो तुम्हाला कुरूप दिसतो. म्हणजे एखाद्या गावाने ठरवून दिसेल ती बोडकी कापली, तर तिथल्या कळपातून हे जनुक एका फटक्यात संपतं. नंतर पश्चात्ताप झाला तरी उरलेल्या शंभर पिसाळ कोंबड्यांतून ते परत येणार नाही.

कोंबडे कापले तरी कोंबड्यांतून चालेल ना, असं कुणी म्हणेल. काही काळ चालेल. पण कोंबडी तीन-चार वर्षं ठेवली जाते, मग तीही जाते. आणि घरात पाहुणा आला की आधी कुठली कापायची? जिला बाजारात भाव कमी ती. धारणीच्या बाजारात व्यापारी मला सरळ सांगतो, "हे बोडकं कोन घेईन बाई? शंभर कमी करा." पिढ्यान् पिढ्या टिकलेली गोष्ट अशी शंभर-शंभर रुपयांनी संपते.

पिसांचा हिशोब

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, ४१ अंशांच्या आसपास असतं. गरम झालं की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, खायचं कमी करते. खाणं कमी झालं की अंडी कमी होतात. ऊन फारच चढलं की ती मरते. वऱ्हाडातला मे महिना तुम्हाला सांगायची गरज नाही. अकोल्याचा पारा ४५च्या वर जाणं ही आता बातमीही राहिलेली नाही.

बोडक्या कोंबडीला एक प्रत असेल तर अंगावरची पिसं २० ते ३० टक्के कमी असतात, दोन प्रती असतील तर ४० टक्क्यांपर्यंत. उघडी मान म्हणजे उष्णता बाहेर टाकायची खिडकी. पिसं प्रथिनांची बनतात, त्यामुळे जे प्रथिन पिसांत गेलं असतं ते अंगावर चढतं. गरम हवेत हा पक्षी पिसाळ भावंडांपेक्षा चांगला वाढतो, हे उष्ण देशांतल्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

हे काही गुपित नाही. आपल्याच देशात, बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्र सरकारची पक्षी संशोधन संस्था आहे. तिने गरम भागासाठी जो संकरित पक्षी तयार केला त्याचं नाव 'हितकारी', आणि तो तयार झाला बोडक्या मानेच्या देशी कोंबड्यातून. याच संस्थेने उलट्या, कुरळ्या पिसांच्या देशी कोंबड्यातून 'उपकारी' तयार केला. म्हणजे सरकारचा एक हात प्रयोगशाळेत हे जनुक जपतो, त्याच्यावर पैसे खर्च करतो, त्याला संस्कृत वळणाचं छान नाव देतो. दुसरा हात आमच्या अंगणात येऊन म्हणतो, काढून टाका.

फ्रान्समध्ये 'लेबल रूज' नावाचा दर्जाचा शिक्का आहे. १९६५ मध्ये तो कोंबडीला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मिळाला लांद भागातल्या मोकळ्या रानात वाढणाऱ्या पिवळ्या कोंबडीला. ती बोडक्या मानेचीच असते. तिथलं गिऱ्हाईक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतं. आमचं गिऱ्हाईक शंभर कापतं. पक्षी तसाच, जनुक तेच. बघणाऱ्याची नजर तेवढी वेगळी.

हा शब्दच बघा

नजर कुठून येते, त्याचा थोडा शोध भाषेत घेता येतो. 'बोडकी' हा शब्द मराठीने कोंबडीसाठी केलेला नाही. तो केस काढलेल्या विधवेसाठी होता. शकुनाला समोर आली तर माघारी फिरायचं ती बोडकी. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. चाल गेली, पण शब्द राहिला, आणि शब्दाबरोबर तोंड वाकडं करायची सवयही राहिली. आमच्या शेजारी लग्नाच्या दिवशी अंगणातली बोडकी कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवतात. व्याह्यांना दिसायला नको म्हणून.

मी हा शब्द मुद्दाम वापरते. 'नेकेड नेक' म्हटलं की ती परदेशी वाटायला लागते, आणि परदेशी म्हटलं की लगेच आवडायला लागते. मला ती त्या वाटेने आवडून घ्यायची नाही. ती इथली आहे, देशी कळपात अधूनमधून निघत आलेली आहे. केरळात आणि अंदमानातही तिचे कळप आहेत. तिला याच नावाने अंगणात हिंडू द्या.

आणि दुसरी विचित्र कोंबडी

आता तुम्ही विचाराल, विचित्र दिसणाऱ्या कोंबडीला लोक नाकं मुरडतात तर कडकनाथचं काय? ती तर पिसांपासून हाडांपर्यंत काळी. तिच्यामागे तर जग लागलंय.

लागलंय खरं. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार भागातल्या भिल्ल-भिलाल्यांची कोंबडी. मेलॅनिन हे रंगद्रव्य तिच्या कातडीत, मांसात, हाडांच्या आवरणात उतरतं म्हणून ती काळी. चीनच्या मऊ पिसांच्या सिल्की कोंबडीतही तोच जनुकीय बदल आहे. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. धोनीने रांचीच्या फार्मसाठी झाबुआहून दोन हजार पिल्लं मागवली तेव्हा देशभर बातमी झाली. तुमच्या फोनवर नुसतं 'कडकनाथ' टाईप करून बघा. रक्त काळं, अंडं काळं, मधुमेहावर औषध, हृदयाला औषध, पुरुषांना औषध, महिन्याला लाख रुपये. यातलं रक्त लालच असतं आणि अंडं फिकट तपकिरी असतं. एवढ्यावरून बाकीच्या दाव्यांचा अंदाज करा.

या भक्तीचं महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीवर फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्लं आणि खाद्य देणार, नंतर अंडी आणि पक्षी चढ्या भावाने तीच परत घेणार, अशी योजना होती. कंपनीने खरेदी थांबवली आणि लोकांच्या शेडमध्ये न विकली जाणारी काळी कोंबडी उरली. खाद्याचा खर्च रोजचा, गिऱ्हाईक नाही. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या वाटेवर आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. अंगणातला पक्षी रस्त्यावर फेकायची वस्तू झाला.

कडकनाथची यात काही चूक नाही, ती गुणी कोंबडी आहे. पण आपल्याला विचित्र पक्षी बघायच्या दोनच तऱ्हा येतात, हे यातून दिसतं. एक तर तो घाण आहे, नाहीतर चमत्कार आहे. चमत्कार असेल तर त्याच्यात गुंतवणूक करायची, घाण असेल तर कापायचं. अंगणात हिंडणारा, किडे वेचणारा, वर्षाला थोडी अंडी देणारा, आपला म्हणून ठेवायचा पक्षी, ही तिसरी तऱ्हा आपण विसरून चाललोय. मी बोडकीसाठी मानांकन मागत नाही. रील करून तिचा ब्रँड करा असंही म्हणत नाही. तसं झालं तर पाच वर्षांनी तिच्याही नावाने इस्लामपूर होईल.

वाटलेली पिल्लं

सल्ला देणाऱ्या साहेबांच्या गाडीत नुसता सल्ला नसतो, पिल्लंही असतात. परसबागेतल्या कुक्कुटपालनाच्या नावाखाली सुधारित जातींची पिल्लं गावोगाव वाटली जातात. वनराजा हैदराबादची, गिरिराज बंगळूरची. पक्षी वाईट नाहीत. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, हे शंभराच्या वर देतात, वजनही लवकर धरतात. कागदावर यांच्यापुढे माझी बोडकी हरते. मी ते मान्य करूनच पुढे बोलते.

आमच्या बचत गटाला एका योजनेत अशी पिल्लं मिळाली. घरटी वीस. आली तेव्हा पावसाळा लागलेला. ज्या वयात त्यांना दिव्याची ऊब हवी होती त्या वयात ती सिपनेच्या ओल्या वाऱ्यात उघडी पडली. निम्म्याच्या वर पहिल्या महिन्यात गेली. उरलेली वाढली तशी जड झाली आणि मुंगसाला, शिक्र्याला सोपी झाली. गावरान कोंबडी शिक्र्याची सावली पडली की झुडपात घुसते, ही वर बघत उभी राहतात. तरी काही जगली, अंडीही दिली. आणि मग खरी गोष्ट लक्षात आली. ती खुडूक बसेनात.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिला खुडूक लागते. ती अंड्यांवर एकवीस दिवस बसते, पिल्लं काढते, ती मोठी होईपर्यंत सांभाळते. त्या काळात अंडी देत नाही. म्हणूनच तिची वर्षाची अंडी कमी. कारखान्याच्या हिशोबात खुडूक हा दोष आहे, आणि जास्त अंड्यांसाठी निवड करत करत तो दोष काढून टाकला गेला. पण अंगणात खुडूक हेच यंत्र आहे. तीच उबवणी, तीच वीज, तीच दाई. ती गेली की पुढची पिढी अंगणात तयार होत नाही. पुढची पिढी गाडीतून येते, योजनेतून येते, अर्ज करून येते.

आणि ज्यांनी वनराजाची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवून पिल्लं काढली त्यांना दिसलं की ती आईबापांसारखी निघत नाहीत. संकराचं ते असंच असतं. बीटी कपाशीचं बियाणं दरवर्षी विकत आणणाऱ्या वऱ्हाडाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. आपण बियाणं घालवून बसलो आणि आता त्याच वाटेने कोंबडी घालवायला निघालो आहोत.

कोंबडी कुणाची असते, हेही बघा. आमच्या भागात शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाचे, तेंदूपत्त्याचे पैसेही बहुतेक त्याच्याच हातात. कोंबडी बाईची. पोराला ताप आला, शाळेची वही हवी, माहेरी जायचं भाडं हवं, की एक कोंबडी बाजारात जाते आणि कुणाला विचारावं लागत नाही. कोरकूंच्या देवकार्यालाही कोंबडं लागतं, ते तिच्याच खुराड्यातून येतं. म्हणून 'जात सुधारा' हा सल्ला साधा तांत्रिक सल्ला नाही. ज्या एका मालमत्तेवर बाईचा पूर्ण ताबा आहे, तिचं बियाणं बाहेरच्याच्या हातात द्या, असा तो सल्ला आहे.

मग कोंबड्या का मरतात?

साहेबांचं म्हणणं असतं की गावरान टिकत नाही, म्हणून नवीन जात. गावरान मरते हे खरं. पण मरते ती जातीने नाही, मानमोडीने. राणीखेत रोगाला आमच्याकडे मानमोडी म्हणतात, कारण पक्षी मान पिळून पडतो. उत्तराखंडातल्या राणीखेतच्या नावाने हा रोग १९२०च्या दशकापासून आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तो आला की एका आठवड्यात ओळच्या ओळ साफ होते. बोडकी, पिसाळ, वनराजा, कडकनाथ, तो कुणाचीच जात विचारत नाही.

आणि त्याच्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमाराला एक टोचणी. लस स्वस्त आहे. अडचण अशी की कुपी येते शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडसाठी हे सोयीचं आहे. दहा कोंबड्यांच्या बाईसाठी नाही. म्हणजे दहा-बारा घरांनी एकाच दिवशी, एकाच सकाळी, कोंबड्या सोडायच्या आधी लस द्यायची असं ठरवलं तरच ती लागू पडते. त्यासाठी गावात एक शिकवलेली बाई हवी, बर्फाचा डबा हवा आणि तारीख हवी. ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'आय-टू' ही उष्णता जास्त सोसणारी लस मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत खेड्यातल्या कोंबड्यांसाठी वापरली गेली आहे. तिथे डोळ्यात थेंब टाकण्याचं काम गावातल्याच लोकांनी शिकून घेतलं.

एका घरी वीस पिल्लं वाटण्यापेक्षा हे काम कमी खर्चाचं आहे. पण पिल्लं वाटतानाचा फोटो निघतो. लसीच्या थेंबाचा निघत नाही.

तीन हरकती

पहिली: बोडकीला थंडी सोसत नाही. खरं आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर डिसेंबरात ती मला ठेवायला सांगू नका. शिवाय दोन्ही प्रती असलेली काही पिल्लं अंड्यातच दगावतात. म्हणून सगळीच्या सगळी कोंबडी बोडकी करा असं मी म्हणत नाही. कळपात दोन्ही असू द्या. थंडीत पिसाळ तगतील, मेमध्ये बोडक्या. मिसळलेल्या कळपाचा फायदाच तो.

दुसरी: परसातल्या मोकळ्या कोंबड्या रोग पसरवतात. २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि नवापूर हे मोठमोठ्या पोल्ट्री शेडचं केंद्र होतं. एका छपराखाली हजारोंनी एकसारखे पक्षी कोंबले की रोगाला रान मोकळं मिळतं. परसातल्यांना लस आणि रात्रीचं बंद खुराडं द्यावं, हे मलाही मान्य आहे. त्यांना संपवावं, हे त्यातून निघत नाही.

तिसरी हरकत सगळ्यात जड आहे: मेळघाटात मुलं कुपोषणाने मरतात आणि तू पन्नास अंड्यांच्या कोंबडीचे गोडवे गातेस? १९९३ पासून मेळघाटचं नाव याच कारणाने वर्तमानपत्रात येतंय, त्यामुळे या प्रश्नाला टाळून बोलता येत नाही. पण मग अंड्याचा हिशोब नीट करू. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेत मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी द्यायची आहेत. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. अंडं ताटात येणं हे सरकारच्या मर्जीवर असेल तर ते असं येतं आणि जातं. अंगणातलं अंडं पन्नासच असेल, पण ते शासन निर्णयाने बंद होत नाही. मला दोन्ही हवीत, अंगणवाडीतलंही आणि अंगणातलंही. पहिलं काढून घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कमी आकड्यावर बोट ठेवू नये.

आणि परसातली कोंबडी म्हणजे जुन्या काळाची शिल्लक, असंही समजू नका. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली सुमारे ३१.७ कोटी परसातली होती. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्यांची वाढ जवळपास ४६ टक्के, शेडमधल्यांची साडेचार टक्के. बायका परसात कोंबड्या ठेवतायत, वाढवतायत. प्रश्न एवढाच की त्यांच्या खुराड्यात बियाणं त्यांचं स्वतःचं असेल की वाटलेलं.

इथली कोंबडी

कोरकू भाषेत कोंबडीला 'सिम' म्हणतात. झारखंडच्या संथाळीतही 'सिम'च. दोन्ही भाषा एकाच मुंडा कुळातल्या, मधे हजार किलोमीटर आणि कितीतरी राज्यं. सीमा आखल्या जायच्या आधीपासून हा शब्द या डोंगरांत आहे, म्हणजे कोंबडीही आहे.

मेळघाटच्या जंगलात राखी रानकोंबडा आरवतो. सेमाडोहच्या आसपास पहाटे फिरलात तर ऐकू येईल. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या पिवळ्या पायांचं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. जगातल्या कुठल्याही पिवळ्या पायाच्या कोंबडीत भारतातल्या अशा जंगलांचा वाटा आहे. ज्या प्रदेशाने जगाला कोंबडीचा रंग दिला त्या प्रदेशातल्या बायकांना कोंबडीची जात कशी राखावी हे गाडीतून उतरून सांगितलं जातं.

करनालच्या राष्ट्रीय ब्युरोत देशी जातींची नोंद होते. कडकनाथ तिथे आहे, असील आहे, अंकलेश्वर आहे. माझी बोडकी तिथे नाही, कारण ती जात नाही, गावरान कळपात फिरणारं एक जनुक आहे. तिला कागद वाचवणार नाही. ज्यांच्या अंगणात ती आहे त्यांनी ठेवली तरच ती राहील.

म्हणून ज्यांच्या घरी, मामाच्या घरी, आजीच्या घरी अजून गावरान कोंबड्या आहेत, त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. पुढच्या वेळी गावी गेलात की खुराड्यात बघा. बोडका कोंबडा असेल तर आजीला सांगा की तो आजारी नाही, आणि पाहुण्यासाठी दुसरा कापा. तालुक्याच्या दवाखान्यात मानमोडीची लस कधी मिळते ते विचारा, शेजारची दहा घरं गोळा करा आणि एक सकाळ ठरवा. आणि कुणी रजिस्टर घेऊन जात सुधारायला आलं, तर त्यांना विचारा: तुमची कोंबडी खुडूक बसते का?